नांगर टाकायला शिकवा!

वर्तकनगर हा ठाण्याचा पश्चिमेकडचा भाग. पाठीशी येऊरचा डोंगर, जवळ उपवनचा तलाव आणि चार-पाच किलोमीटरांवर ठाण्याची खाडी. इथल्या कोणत्याही माध्यमिक शाळेत जाऊन नववी-दहावीच्या वर्गाला विचारावे, "भरती-ओहोटी कशामुळे होते?" तत्काळ हात वर होतील. चंद्राचे आकर्षण, सूर्याचे आकर्षण, उधाणाची भरती, भांगाची भरती, सगळे मुखोद्गत असते. मग दुसरा प्रश्न विचारावा, "आज आपल्या खाडीला भरती किती वाजता येणार?" या प्रश्नाला मात्र सहसा उत्तर येत नाही. पहिला प्रश्न पुस्तकातला आहे, दुसरा पाण्यातला आहे. आपले विज्ञानशिक्षण या दोन प्रश्नांच्या मध्ये कोठेतरी अडकून पडले आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी प्रस्तुत लेखकाची एक सूचना आहे. ती ऐकून काही शिक्षक हसतील, पण लेख पूर्ण वाचून मग हसावे. सूचना अशी : किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या शाळांमधून मुलांना नांगर टाकायला शिकवावे. शेतातला नांगर नव्हे, होडीचा. प्रत्यक्ष होडी मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर कागदावर, परातीत आणि वहीत. प्रश्न एकच द्यावा : "एक शिडाची होडी संध्याकाळी एका निवांत, आडोशाच्या खाडीत शिरली. तिला रात्रभर तेथेच थांबायचे आहे. नांगर कोठे टाकाल, दोर किती सोडाल आणि निर्धास्त झोपाल का?" हा एक प्रश्न नीट सोडवायचा म्हटला, तर भौतिकशास्त्र, भूगोल, भूमिती आणि जीवशास्त्र यांची दहा-बारा प्रकरणे एकत्र यावी लागतात. चला, सोडवून पाहू.

खोली कोणती धरायची?

होडी थांबवायची तर पाणी किती खोल आहे ते आधी पाहावे लागते. दोराला वजन बांधून खोली मोजली, तीन मीटर भरली. झाले काय? नाही. ही खोली आत्ताची आहे. मध्यरात्री किती असेल?

मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती साधारणपणे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. पुढे दर तिथीला ही वेळ पुढे सरकते. कोकणचे कोळी यासाठी एक सोपा हिशेब करतात : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पंधरा तिथ्या संपल्या की प्रतिपदेपासून हिशेब पुन्हा सुरू.

हा नियम खरा की खोटा, ते आपण घरबसल्या तपासू शकतो. एका चांद्रमासात तिथ्या ३०. तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाची पूर्ण फेरी करून, म्हणजे २४ तास पुढे सरकून, पुन्हा मूळ जागी येते. २४ तासांची मिनिटे १४४०. त्यांना ३० ने भागले की ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला अवघ्या तीन मिनिटांचा फरक! पंधराव्या तिथीपर्यंत तो पाऊण तासाएवढा साठतो, पण तोंडी हिशेबासाठी हा नियम किती कामाचा आहे ते पाहा. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नसेल अशा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षण करून तो बसवला आहे. याला विज्ञान म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आता आपल्या होडीकडे वळू. समजा, आज पौर्णिमा आहे आणि होडी संध्याकाळी सहा वाजता आली आहे. म्हणजे पाणी ओहोटीचे आहे! उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या आसपास भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांचा फरक पडू शकतो. संध्याकाळी तीन मीटर भरलेले पाणी मध्यरात्री सात मीटर होणार. दोर तीन मीटरांच्या हिशेबाने सोडला असेल तर तो अपुरा पडणार, आणि तोही केव्हा? सगळे गाढ झोपेत असताना.

उलट, अष्टमीच्या संध्याकाळी तीच होडी आली तर ती भरतीच्या पाण्यात आलेली असते. मध्यरात्रीपर्यंत पाणी उतरत जाते. भांगाच्या दिवसांत फरक कमी असला, तरी तेवढ्याने होडीचे बूड तळाला टेकू शकते. सपाट बुडाची होडी चिखलात अलगद बसेल. पण खाली उंच कणा असलेली शिडाची होडी आडवी होईल, आणि भरती परत येताना आत पाणी भरेल. तेव्हा पहिला धडा असा : वारा नसला, लाटा नसल्या, तरी रात्रभरात समुद्र आपली जागा बदलत असतो. पंचांग पाहिल्यावाचून नांगर टाकू नये.

नांगर वजनाने धरत नाही

पुष्कळांची समजूत अशी असते, की नांगर जड असतो म्हणून होडी जागच्या जागी राहते. ही समजूत चुकीची आहे. काही टन वजनाची होडी दहा-पंधरा किलोचा नांगर धरून ठेवतो, तो वजनाने नव्हे, तर तळात रुतून. शेतातला नांगर जसा जमिनीत घुसतो, तसाच हाही घुसतो. आपल्या भाषेने तर हे साम्य आधीच ओळखून ठेवले आहे. संस्कृतात शेतीच्या नांगराला 'लांगल' म्हणतात, फारसीत जहाजाच्या नांगराला 'लंगर' म्हणतात. मराठीत मात्र शेतकऱ्याचा तो नांगर आणि खलाशाचाही नांगरच.

गंमत अशी की इंग्लंडमधल्या एका थोर शास्त्रज्ञाने हे साम्य अगदी शब्दशः अमलात आणले. त्यांचे नाव सर जेफ्री इनग्रॅम टेलर. द्रवांच्या गतीचा अभ्यास करणारे ते विसाव्या शतकातले एक अग्रगण्य शास्त्रज्ञ होते, आणि शिडाच्या होडीतून भटकण्याचा त्यांना छंद होता. जुन्या पद्धतीचे नांगर अवजड; लहान होडीवर ते उचलायचे म्हणजे जिवावर येई. वजन कमी आणि पकड जास्त असा नांगर कसा करता येईल याचा त्यांनी विचार केला आणि १९३३ मध्ये शेतातल्या नांगराच्या फाळासारख्या आकाराचा नांगर तयार केला. ओढ बसेल तसा तो अधिकच खोल जातो. 'सी. क्यू. आर.' या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. ही इंग्रजी अक्षरे झटपट उच्चारली, की 'सिक्युअर', म्हणजे 'सुरक्षित', असा शब्द ऐकू येतो. पहिल्या प्रतीचे गणित जाणणाऱ्या माणसाला होडीच्या नांगरावर विचार करणे कमीपणाचे वाटले नाही, हे आपल्या शाळांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच्याही कितीतरी आधी माणूस दगडाचे नांगर वापरत होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना द्वारकेच्या समुद्रात असे दगडी नांगर सापडले आहेत. त्यांतल्या त्रिकोणी नांगरांना तीन भोके असतात. वरच्या भोकात दोर ओवायचा आणि खालच्या दोहोंत लाकडी खुंट्या बसवायच्या. खुंट्या कशासाठी? तळात रुतण्यासाठी! केवळ वजनावर भागत नाही हे त्या काळच्या खलाशांनाही कळले होते.

पण रुतलेला नांगर केव्हा धरतो? ओढ आडवी असेल तेव्हा. ओढ वरच्या दिशेने बसू लागली, की तो उपटला जातो. शेतातला खुंटा उपटताना आपण तो आडवा ओढत नाही, वर ओढतो, तसेच हे. म्हणून दोर लांब सोडायचा. दोर जितका लांब, तितका त्याचा तळाशी होणारा कोन लहान. येथे भूमितीचा धडा उपयोगी पडतो. दोर ताणून सरळ झाला आहे असे धरू. दोराची लांबी खोलीच्या तिप्पट असेल तर कोन सुमारे १९½ अंश होतो. पाचपट असेल तर ११½ अंश. आणि सातपट असेल तर अवघा ८ अंश. नुसता दोर असेल तर सातपट सोडावा असा जाणकारांचा सल्ला असतो. साखळी असेल तर कमी लांबी चालते, कारण साखळीच्या वजनाने तिचा खालचा भाग तळावर आडवा पडून राहतो. शिवाय वाऱ्याचा झोत आला की प्रथम साखळीची झोळ उचलली जाते आणि धक्का सौम्य होऊन नांगरापर्यंत पोहोचतो.

आता आकडे घालून पाहू. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंचीही खोलीत धरावी लागते. ती एक मीटर समजू. संध्याकाळी खोली तीन मीटर, उंची एक मीटर, मिळून चार. सातपट म्हणजे २८ मीटर दोर. खलाशी समाधानाने झोपला. मध्यरात्री खोली सात, उंची एक, मिळून आठ मीटर. दोर तेवढाच, २८ मीटर. सातपट होता तो आता साडेतीनपट उरला! कोन ८ अंशांवरून साडेसोळा अंशांवर गेला.

त्यात वारा सुटला. दर सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा. होडीचा ८ चौरस मीटर भाग वाऱ्यासमोर आहे असे धरले, तर होडीवर सुमारे ४८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५० किलोग्रॅम वजनाएवढा जोर बसतो. या ओढीचा वर उचलणारा घटक काढणे अगदी सोपे आहे : ओढीला दोराच्या पटीने भागायचे. सातपट दोर असताना ५० भागिले ७, म्हणजे सुमारे ७ किलो. साडेतीनपट असताना सुमारे १४ किलो. नांगर १० किलोचा लोखंडी आहे. आर्किमिडीजच्या सिद्धान्ताप्रमाणे पाण्यात तो सव्वा किलोने हलका होतो, म्हणजे पावणेनऊ किलो उरतो. सात किलोची वरची ओढ तो सोसेल, त्याची दांडी तळावर आडवी राहील. चौदा किलोची ओढ त्याची दांडी उचलून धरील, आणि मग तो सुटण्याची भीती. पाहा, वर्गात तुकड्या-तुकड्यांनी शिकलेले सारे एका दोरावर कसे ओवले गेले! बरोबर उत्तर काय? मध्यरात्रीची खोली धरून आठच्या सातपट, म्हणजे ५६ मीटर दोर सोडायला हवा होता.

वाऱ्याची दिशा आणि होडीचे वर्तुळ

लांब दोर सोडला की दुसरा प्रश्न उभा राहतो. होडी नांगराभोवती फिरते. ५६ मीटर दोर आणि १० मीटर लांबीची होडी यांचा विचार केला तर ओहोटीच्या वेळी वर्तुळाची त्रिज्या ६६ मीटरांच्या जवळपास होते आणि व्यास १३० मीटरांवर जातो. फुटबॉलचे मैदानही यापुढे अपुरे. एवढ्या वर्तुळात खडक नको, मासेमारीची जाळी नको, दुसरी होडी नको. म्हणजे 'निवांत खाडी' वाटते तेवढी मोठी असतेच असे नाही.

होडी खरोखरच एवढी फिरते काय? फिरते. कारण भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई वारा. शिडांच्या काळी कोकणातले मच्छिमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. परीक्षेत दोन गुणांचे टिपण लिहून आपण जे विसरतो, त्यावर त्यांचा रोजचा प्रपंच चाले.

नांगरलेल्या होडीचे तोंड संध्याकाळी वायव्येकडे होते. रात्री वारा पूर्वेचा झाला की होडी अर्धा फेरा घेऊन समुद्राच्या बाजूला जाते. नांगराला आता उलट्या दिशेने ओढ बसते. तो तळातून फिरून सुटतो आणि पुन्हा रुतावा लागतो. चिखल चांगला असेल तर रुततो, खडक असेल तर घसरत जातो. म्हणून तळ कसला आहे हेही पाहावे लागते. खोली मोजण्याच्या वजनाच्या खालच्या खळग्यात चरबी लावून ते तळाला टेकवायचे आणि वर काढून चरबीला चिकटलेली वाळू, शिंपले की चिखल ते पाहायचे, ही खलाशांची जुनी युक्ती आहे. समुद्रतळाचा नमुना घेण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नसेल.

जागा निवडताना भूशिराचा आडोसा पाहतात. जयगड, विजयदुर्ग, देवगड ही कोकणातली जुनी बंदरे अशीच डोंगराच्या किंवा खाडीच्या कुशीत आहेत. पण आडोसा वाऱ्याचा असला म्हणजे लाटांचाही असतोच असे नव्हे. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो आणि ती वळते, काचेत शिरणारा प्रकाशकिरण वळतो तशीच. त्यामुळे दूरच्या समुद्रातून आलेली लाट भूशिराला वळसा घालून मागच्या शांत पाण्यातही शिरते. अपवर्तन हे केवळ लोलकापुरते नसते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

रात्रीची राखण

नांगर धरला आहे की घसरतो आहे, हे कसे कळावे? पाण्यात चोहोकडे सारखेच दिसते. यासाठी किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एक जवळची आणि एक दूरची, एका रेषेत येतील अशा हेरून ठेवतात. उदाहरणार्थ, जवळचे एक माडाचे झाड आणि मागच्या टेकडीवरचा दिवा. दोन्ही एका रेषेत राहिली, की होडी त्या रेषेवर आहे. झाड एका बाजूला सरकू लागले, की होडी हलली. अशाच दोन वस्तूंची दुसरी जोडी वेगळ्या दिशेला धरली की दोन रेषांच्या छेदनबिंदूवर आपली जागा निश्चित होते. ताऱ्यांची अंतरे मोजताना ज्योतिर्विद ज्या लंबनाचा उपयोग करतात, तेच हे लंबन. हल्ली मोबाइल फोन उपग्रहांकडून जागा समजून घेतो आणि होडी ठराविक वर्तुळाबाहेर गेली की घंटा वाजवतो. ती सोय जरूर वापरावी. पण फोनची विद्युतघटमाला संपते, माडाचे झाड संपत नाही.

आणखी एक कर्तव्य असते, दिव्याचे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नांगरलेल्या जहाजाने रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा आणि दिवसा काळा गोळा टांगायचा. आपण झोपलेलो असलो तरी इतरांना आपण दिसलो पाहिजे, ही यामागची भूमिका. विज्ञानाबरोबर नागरिकशास्त्रही येथे आलेच.

"पण हे आम्हांला कशाला?"

या सूचनेवर तीन आक्षेप येतील. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा, की आमची मुले काही खलाशी होणार नाहीत. न होवोत. आपण मुलांना बेडकाची पचनसंस्था शिकवतो ती त्यांनी बेडकांचे वैद्य व्हावे म्हणून नव्हे. आणि खलाशी होऊ नयेत असे तरी का समजावे? गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' नौकेतून तोच पराक्रम केला. आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलांनी तर हे विसरूच नये, की १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी कल्याणच्या खाडीत सुरू झाली. उथळ खाड्यांत शिरू शकणाऱ्या लहान गलबतांचे सामर्थ्य भरती-ओहोटीच्या ज्ञानावरच उभे होते.

दुसरा आक्षेप : आता यंत्रे आली, उपग्रह आले, हे जुने ज्ञान कालबाह्य झाले. याचे उत्तर १७ मे २०२१ या दिवशी मिळाले. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी असलेला 'पी-३०५' हा तराफा नांगरांवर उभा होता. त्यावर २६१ जण होते. वादळात नांगर सुटले, तराफा वाहवत गेला आणि बुडाला. सत्तरांहून अधिक माणसे दगावली. नौदलाने जिवावर उदार होऊन बाकीच्यांना वाचवले. त्या दुर्घटनेची सगळी कारणे एका नियमात सांगता येणार नाहीत. इशाऱ्यांचे आणि निर्णयांचे प्रश्नही त्यात आहेत. पण एक नियम प्रत्येकाला ठाऊक असावा : वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा १०८ किलोमीटरचा झाला, तर वेग तिप्पट होतो, पण जोर नऊपट होतो. आपल्या लहान होडीवर ५० किलोऐवजी साडेचारशे किलो ओढ बसेल. हा वर्ग ज्याच्या अंगात भिनला आहे, तो वादळाचा इशारा ऐकून "बघू या" असे म्हणणार नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते, समजूत चुकीची असली तर वेळ मिळत नाही.

पाण्यात न उतरणाऱ्यालाही या ज्ञानाची गरज आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी समुद्राला मोठी भरती होती. समुद्राचे पाणी चढलेले असताना शहराचे पाणी जाणार कोठे? भरतीची वेळ ही ठाणे-मुंबईच्या प्रत्येक नागरिकाची बाब आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम आधीच अवजड, त्यात हे कोठे बसवायचे? हा आक्षेप खरा आहे. दहावीच्या वर्षात शिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नसते हे कोणीही मान्य करील. म्हणूनच नवा धडा घाला असे येथे म्हटलेले नाही. जे धडे आहेत, तेच एका प्रश्नाभोवती गुंफा, एवढेच म्हणणे आहे. बलांचे घटक शिकवताना उदाहरण नांगराचे द्या. वर्तुळ शिकवताना होडीचे वर्तुळ द्या. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

नांगराचे ओरखडे

नांगराची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. आपण सुरक्षित थांबलो, पण तळाचे काय झाले? मालवणजवळ १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथील खडकांवर प्रवाळे आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे, तो लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. गोळ्यांसारख्या प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर. ज्या ठिकाणी नांगर पडतो तेथे वर्षानुवर्षांचे काम क्षणात मोडते. एवढ्यावर थांबत नाही. वारा फिरेल तशी साखळी तळावर झाडूसारखी फिरते. वीस मीटर साखळी पूर्ण फिरली, तर सुमारे १२५० चौरस मीटर तळ खरडला जातो, म्हणजे वीसेक वर्गखोल्यांएवढा.

यावर उपाय आहे. ज्या जागी होड्या नेहमी थांबतात तेथे तळाशी एकदाच भक्कम बांधणी करून वर बोये ठेवावेत आणि होड्यांनी त्यांनाच दोर बांधावा. जगात पुष्कळ ठिकाणी असे केले जाते. आपल्याकडे पर्यटकांच्या होड्या वाढत आहेत, तेव्हा प्रवाळांच्या जागी हा नियम कसोशीने पाळला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो वरून लादू नये. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्या मच्छिमारांना विचारून बोयांच्या जागा ठरवाव्यात. तळ त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही.

वर्तकनगरपासून सुरुवात

मग काय करता येईल? शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला तीन गोष्टी योजाव्यात.

पहिली, भरतीची वही. ठाणे आणि कळवा या स्थानकांमधला प्रवास ज्यांना घडतो, त्यांनी गाडीच्या खिडकीतून, आत बसूनच, खाडी पाहावी. चिखल उघडा आहे की पाणी काठोकाठ आहे, पाणी कोणत्या दिशेला वाहते आहे, वेळ आणि तिथी काय, एवढेच टिपायचे. चांद्रमासभर, वर्गातल्या सर्वांनी मिळून. मग पाऊणच्या नियमाशी ताडून पाहायचे. समुद्रावरची भरती खाडीतून वर चढत ठाण्याला पोहोचायला वेळ घेते, म्हणून मुंबईची वेळ आणि आपली वेळ जुळणार नाही. किती मिनिटांनी चुकते, ते तुमच्या वहीने सांगितले पाहिजे. खाडीच्या चिखलात मात्र कोणीही उतरू नये. तो दिसतो तेवढा टणक नसतो, आणि ही खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्यही आहे.

दुसरी, परातीतला नांगर. परातीत ओली वाळू घट्ट थापा. जाड तारेचा आकडा करून वाळूत रुतवा. त्याला दोरी आणि तानकाटा लावा. आधी दोरी आडवी धरून ओढा, मग १०, २०, ३० अंशांच्या कोनात. आकडा कोणत्या ओढीला सुटतो ते प्रत्येक वेळी लिहा. पुढे वाळूऐवजी चिखल आणि मग खडी घ्या. आकड्याचा आकार बदलून पाहा. टेलरसाहेबांनी ज्या प्रश्नाचा विचार केला, तोच तुम्ही करत आहात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चेंदणी किंवा कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या वृद्ध तांडेलांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, फळा द्यावा आणि विचारावे, "काका, रात्री नांगर टाकताना तुम्ही काय काय पाहत होता?" आणि मुलांनी लिहून घ्यावे. त्यांच्या उत्तरात अंश आणि न्यूटन नसतील. ती भाषांतराची जबाबदारी आपली. शीड गेले, खाडीतली मासेमारी घटली, त्यांची नातवंडे आता कचेरीत जातात. त्या माणसांबरोबर हे ज्ञान जाऊ द्यायचे की वहीत उतरवायचे, हे ठरवायला फार वर्षे हाती नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, ज्ञान हेही नांगरासारखेच असते. नुसत्या वजनाने ते धरत नाही. ते तळात रुतावे लागते. पाठ केलेल्या व्याख्यांचा भार कितीही वाढवला तरी पहिल्या वाऱ्याबरोबर ते घसरते. तेव्हा उद्या वर्गात गेल्यावर शेजाऱ्याला विचारा, आज तिथी कोणती आणि भरती किती वाजता? उत्तर येत नसेल, तर दोघे मिळून काढा.